रफार

विजयनगरच्या कोर्टाबाहेर झेरॉक्सच्या टपरीला लागून
माझं टेबल. मशीन मराठी, गोदरेजचं.
रफार तेवढा वर उडतो.
'अर्ज' मारला की ज जागेवर बसतो
आणि रफार वरच्या ओळीतल्या
कुणाच्यातरी पायात जाऊन अडकतो.

सरकार बदललं की माझा हंगाम.
जिल्हा सरकारी वकिलाची जागा निघते.
खरं तर जागा निघत नाही, माणूस असतोच तिथं,
त्याच्यावरची मर्जी निघून गेलेली असते.
मग काळे कोट माझ्यापुढं रांगेनं:
"दशरथभाऊ, आधी माझं."
शिक्षण, सनद, वकिलीची वर्षं,
आणि शेवटी, आवाज बारीक करून,
कुणाचं पत्र जोडायचं ते.

यादी न्यायाधीशांकडं जाते, जिल्हाधिकाऱ्यांकडं, मग मुंबईला.
वाटेत तिचं काय होतं, मला ठाऊक नाही.
इथून सात नावं निघतात,
परत येतं ते कधीकधी आठवंच असतं.

त्या वर्षी हेमलता बिरनाळे आल्या,
सगळे जेवायला गेल्यावर.
बारा वर्षं सहायक सरकारी वकील.
स्टुलावर बसून सांगत गेल्या, मी बडवत गेलो.
सरकारच्या बाजूनं लागलेले दावे, या रकान्यापाशी थांबल्या.
कुठं थांबल्या ते मला कळलं.

वखारभागातल्या सरकारी गोदामाची भिंत.
रेहाना जमादार हळद निवडायला जायची,
भिंतीच्या सावलीत डबा उघडून बसलेली.
पंचनाम्यात होतं : भिंत आदल्या रात्रीच पडली,
बाई मनाई असताना आत शिरली.
नवरा पिंजऱ्यात उभा, नखांत अजून पिवळं.
उलटतपासणीला बिरनाळेबाई उठल्या,
पंचनामा हातात धरून बराच वेळ गप्प,
मग म्हणाल्या, "साहेब, चूक माझ्या पक्षकाराची आहे.
हा कागद नंतर लिहिलाय."
मागं अभियंता खुर्चीतून अर्धा उठला.
मला वाटतं, तो अजून तसाच अर्धा उठलेला आहे.

"दशरथभाऊ, हे कुठल्या रकान्यात?"
हरलेल्यात, मी म्हटलं. नायतर गाळा.
"सरकार म्हणजे कोण हो?"
आता मी काय सांगणार?
माझ्यालेखी सरकार म्हणजे
डाव्या कोपऱ्यातला 'प्रति' आणि त्याच्यापुढचा स्वल्पविराम.
बाईंनी कागदावर बोट टेकवलं.
"जिंकलेल्यात घाला."

घातलं.

दिवाळीनंतर नाव आलं. आठवं.
कुठल्याशा बँकेच्या संचालकाच्या साडूचा मुलगा.
माणूस वाईट नाही, माझे पैसे रोख देतो.
बार रूममध्ये पेढे, अभिनंदनाचा ठराव मीच टाइप केला.
त्याच्या आदेशात होतं, शासनाची मर्जी असेपर्यंत.
कुणी सांगितलं, मुंबईत महाधिवक्ता असतो ना,
सगळ्या राज्याचा वकील, त्याचंही तसंच,
राज्यपालांची मर्जी असेपर्यंत.
एवढ्या उंचीवर गेलं तरी तोच शब्द
आणि डोक्यावर तोच रफार.

बाई आता समोरच्या बाकावरून लढतात.
टायपिंगला अजून माझ्याकडंच येतात, घासाघीस करतात.
मागच्या खेपेला जागा निघाली तेव्हा विचारलं,
परत अर्ज करायचा का?
"आधी तो रफार दुरुस्त करा," म्हणाल्या.

मेकॅनिक मिरजेचा. तो वारला.
त्याचा पोरगा मोबाइल दुरुस्त करतो,
मशीन बघून हसला.

तेव्हापासून 'अर्ज' आला की
मी कागद वर ओढतो
आणि रफार पेनानं काढतो, हातानं,
जिथं असायला हवा तिथं.
'मर्जी'चा मात्र
उडेल तिथं उडू देतो.